न फुगलेली गासडी

घटना तशी लहान, पण इतक्या वर्षांच्या नोकरीतली तीच मला सगळ्यांत आधी आठवते. मी तेव्हा कर्जतला फौजदार होतो आणि खालापूरकडची गावेही आमच्याच ठाण्याकडे होती. काय दिवस होते ते! दिवाळी सरली की सकाळच्या हजेरीला उभे राहावे आणि चहूकडून कापल्या गवताचा वास यावा. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत इथून आगगाडीने जायचे. गावोगावी ते लाकडी यंत्रात दाबून, दोरांनी आवळून त्याच्या गासड्या बांधत. स्टेशनाजवळ एका शेटजींची गवताची मोठी वखार होती; गावांच्या गासड्या तेच विकत घेत.

एका सकाळी वखारीचा रखवालदार वर्दी घेऊन आला. गेल्या साली दाबून ठेवलेल्या गासड्या चोरीला गेल्या होत्या आणि त्या भिसेगावातल्या एका तरुण शेतकऱ्याच्या अंगणात आपण पाहिल्या, असे त्याचे म्हणणे. आम्ही गेलो. गासड्या होत्या, आणि गवत जुन्यासारखे काळपट पडलेले होते.

तरुणाला ठाण्यात आणले. मागोमाग त्याची म्हातारी आई आली आणि दाराशीच बसली. घरात बाप नव्हता, शेत आणि बैल यानेच सांभाळायचे, माघात लग्न ठरलेले. चोरी शाबीत झाली असती तर तुरुंग, आणि मग ते घर बसलेच असते.

"गवत माजंच हाय सायेब. दिवाळीनंतर कापलंय."

"मग काळं कसं पडलं?"

त्याने दाराशी बसलेल्या आईकडे पाहिले.

"दाबताना ओलं होतं का रं?"

"नाय सायेब! खडखडीत कोरडं व्हतं."

उत्तर जरा जास्तच चटकन आले. मी जबानीत ते तसेच लिहून घेतले.

पंचांना, त्या मायलेकांना आणि त्याच्या अंगणातली एक गासडी घेऊन मी वखारीच्या अंगणात गेलो. गवताची एक गंमत मला ठाऊक होती. नुकतेच दाबलेले कोरडे गवत दोर कापताच उसळून वर येते. तेच पावसाळाभर आवळलेले राहिले की दोर काढले तरी विटेसारखे तसेच बसून राहते, उसळायचे विसरूनच जाते. आधी वखारीतली, दुसऱ्या गावाहून आलेली यंदाची गासडी सोडली, ती फुगून पंचांच्या गुडघ्यांना लागली. मग गेल्या सालची सोडली, ती ढिम्म हलली नाही. शेवटी त्या तरुणाच्या गासडीचा दोर कापला.

ती फुगली नाही.

म्हातारीने कपाळाला हात लावला. रखवालदार खुशीत म्हणाला, "मी बोललो नव्हतो का सायेब?" दुसऱ्याला बेडी पडताना ज्याला एवढा आनंद होतो, तो माणूस मला कधीच आवडला नाही.

पंचनाम्याला नमुना हवा म्हणून मी गासडीत कोपरापर्यंत हात घातला आणि थबकलो. आत गवत गरम होते. गरम आणि दमट. पंचांना हात घालायला लावले. वर्षभर वाळलेले गवत आपोआप गरम होत नाही. ओले दाबलेले मात्र होते, काळेही पडते, आणि दोर कापला तरी फुगत नाही.

म्हातारी उठली. "आरं मेल्या, पानी मारलंस ना? सांग की त्यांना!"

तो तरुण मटकन खाली बसला. "मारलं सायेब. गवत लई ताठ, यंत्रात दबंना. पानी मारलं की मऊ व्हतं, बसतं. गावात सगल्यांनीच मारलंय. शेटला कललं तर आमच्या गावचं गवत कोन घेनार?"

गावाची विक्री वाचवायला हा वेडा तुरुंगात जायला निघाला होता. मला राग आला आणि कौतुकही वाटले.

मग मी रखवालदाराकडे वळलो. "हात न लावता, गासडी न सोडता, ही गेल्या सालची आणि वखारीतलीच हे तुला कसं कळलं रं?" दुपारपर्यंत त्याने कबूल केले की वखारीतल्या गासड्या त्यानेच खोपोलीकडे जाणाऱ्या गाडीवानांना विकल्या होत्या. काळे गवत दिसले, म्हणून या पोराचे नाव घेतले.

शेटजींना मी एवढेच बजावले की भिसेगावच्या गासड्या सोडून, उन्हात वाळवून, पुन्हा दाबून घ्या. नाही तर त्या आतल्या आत पेटतील आणि वखारही जाईल. कुरकुरत का होईना, त्यांनी ऐकले.

म्हातारीने लेकाला ठाण्यातच एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडली. माझे शिपाई उगाचच बंदुका पुसत राहिले.

त्यानंतर पेन्शनीपर्यंत किती तरी माणसे माझ्यासमोर खोटे बोलली. त्यांतली बरीच गुन्हेगारही होती. पण खोटे पकडले की बेडी मागवण्याआधी मी प्रत्येकाला एक खुर्ची द्यायचो आणि विचारायचो, "कुणाला वाचवतोयस?" निम्मे जण तिथेच रडायला लागत.