दसऱ्याला पुजलेले बोटीचे पंखे

लग्नानंतर काही वर्षांनी आमच्या ह्यांना डिंभ्याच्या धरणावर बोट चालवायचं काम मिळालं. मालक मंचरचे. बोट त्यांनी मुंबईकडून जुनी आणलेली, मागे दोन मोठी इंजिनं. ते म्हणाले होते, दसऱ्याला घरच्यांना घेऊन येतो, तुमचं चालवणं बघतो, मग कायम करायचं का ते ठरवू. तेव्हापासून ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

माझं माहेर निमगाव सावा. तिकडे बोट कुठली? मी ह्यांना विचारलं, दोन इंजिनांचे पंखे उलटसुलट का फिरतात? ते म्हणाले, दोन्ही एकाच अंगाला फिरले तर बोट बाजूला ओढ खाते. एकाची ओढ दुसऱ्याने मोडायची. मला वाटलं, एक इंजिनच उलटं फिरत असेल. तर तसं नाही. इंजिनं दोन्ही सारखीच फिरतात. खाली पाण्यात जो डबा असतो, त्यात वरून उभा दांडा येतो. त्याच्या टोकाचं दातेरी चाक पुढच्या आणि मागच्या अशा दोन चाकांना फिरवतं, आणि ती दोन्ही एकमेकांच्या उलट फिरतात. पंख्याच्या दांड्याने ज्या चाकाला धरलं, तसा पंखा फिरतो. पुढे जाताना एका इंजिनात पुढचं चाक धरतं, दुसऱ्यात मागचं. ताटात दोन भाकरी समोरासमोर उभ्या धरून, वर मुळा ठेवून त्यांनी हे मला समजावलं. मग मुळा खाऊन टाकला.

दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं पुजायची असतात. विळे, कोयते, पहार मांडली. सासूबाई म्हणाल्या, बोटीवर पोट आहे, तिचे पंखेही पुजायला हवेत. ह्यांनी दोन्ही पंखे काढून आणले, डाव्यावर खडूने खूण केली. सासूबाईंनी ते चिंच आणि राखेने घासून लख्ख केले. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. मी पाणी शिंपडलं, तेव्हा दिसलं की एका पंख्याच्या पात्यांवरून पाणी उजवीकडे ओघळतं, दुसऱ्यावरून डावीकडे; दोन्हींच्या पात्यांचा पीळच एकमेकांच्या उलट. खडूची खूण कुणाच्या ध्यानातच नव्हती. ह्यांनी घाईत पंखे नेऊन बसवले.

दुपारी मालक सहकुटुंब आले. पलीकडे सोनं वाटायला जाणारी माणसंही चढली. सासूबाई आणि मी काठावर उभ्या. ह्यांनी बोट चालवायचा हातातला दांडा पुढे टाकला आणि बोट सरळ मागे आली, काठालाच टेकली. पुन्हा टाकला, पुन्हा तेच.

एक म्हातारा म्हणाला, "राव, बोटीला घर सोडवंना व्हय?"

लोक हसले. दुसऱ्याने सुचवलं की मग दांडा उलटा टाका. हे म्हणाले, मागं न्यायचं चाक एवढं वझं वढाया केलेलं न्हाई. मालक हसत नव्हते. ह्यांचा चेहरा उतरला.

चारचौघांत बोलायची मला सवय नव्हती. पदर पुढे ओढून मी सासूबाईंच्या कानात सांगितलं, "आत्या, पंखं अदलाबदल झालं असतील. घासताना खूण गेली."

सासूबाईंनी तिथूनच हाळी दिली, "आरं, पंखं बदल! माज्या सुनंला कळलं, तुला कळंना?"

मला धरणात बुडी मारावीशी वाटली. पण हे तेवढ्यात कमरेभर पाण्यात उतरले होते. इंजिनं वर उचलून त्यांनी पिना काढल्या, नट सोडले, पंखे इकडचे तिकडे केले. या वेळी दांडा टाकला आणि बोट पाणी कापत पुढे गेली, नाक जराही न वळवता. काठावरून मी ती लहान होईपर्यंत पाहिली.

परत आल्यावर मालक खाली उतरले, सासूबाईंना सोनं दिलं आणि म्हणाले, "आजी, तुमचा लेक ठेवला कामावर. फक्त पुढच्या वर्षी पूजा पंखे न काढता करा."

सासूबाईंना ते पटलं नाही. म्हणाल्या, "आन् मागली बाजू कशी घासायची?"