पुंजाची चाल

"हात जरा भरभर चालवा, बद्रुमियां. आज तिसरा खेळ बसवायचाय."

"शेठ, पडद्यावर मयत निघालीय. मयत पळवायची कशी?"

डबा घेऊन आलेली गुलजारबी थेटराच्या जिन्यातच थबकली. नवरा मालकाला उलटून बोलतो, हे तिने पहिल्यांदाच ऐकलं. घरी तर तो अळणी कालवणही मुकाट्याने खायचा. रंगनाथशेठ धुसफुसत खाली उतरला. मुक्या सिनेमाचे दिवस ते. यंत्राचा दांडा बद्रुद्दीनच्या हातात, म्हणून शब्दही त्याचाच राहिला.

बद्रुद्दीन मूळचा विणकर. पडद्यावरचा माणूस खरा चालत नाही, नुसती चित्रं एकामागून एक सरकतात, सेकंदाला सोळा, हे त्याला यंत्र बसवणाऱ्याने सांगितलं होतं. दांड्याच्या एका फेऱ्याला आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. पण घरात घड्याळ कुठलं? गुलजारबी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली की तिच्या रहाटाच्या तालावर तो रिकामा हात हवेत फिरवायचा. शेजारणी म्हणत, याच्या अंगात आलंय.

मग पस्तीस साली बोलपटाचं यंत्र आलं. ते विजेवर चालायचं, सेकंदाला चोवीस चित्रं, ना कमी ना जास्त. वेग वाढला की गाणारी बाई मांजरीगत ओरडायची. बद्रुद्दीनने बटण दाबायचं, एवढंच काम उरलं.

त्याच साली एका आठवड्याला शेठने खेळाआधी सिंहस्थाची जुनी मुकी पट्टी लावली, तीन वर्षांपूर्वी गोदाकाठी घेतलेली. तीत पुंजा होता. पंचवटीत भाजी विकणाऱ्या सगुणाबाईचा नवरा, डोक्यावर पाटी घेऊन लंगडत जाणारा. मेळ्यानंतरच्या थंडीत तो वारला होता. सोळाच्या हिशेबाने घेतलेली चित्रं चोवीसने पळाली. यात्रेकरू दुडदुडले, पुंजा टुणटुण उड्या मारत गेला आणि सगळं थेटर हसलं.

सगुणाबाई उठून बाहेर आली आणि पायरीवर गुलजारबीशेजारी बसली.

"भाभी, माझा धनी असा चालायचा का गं? आता डोळे मिटले की हेच दिसतंय."

पट्टी शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने परत जायची होती. शुक्रवारी दुपारी बद्रुद्दीन अडगळीतलं जुनं यंत्र पुसायला बसला.

"ते लावलंत तर उद्यापासून येऊ नका," शेठ म्हणाला.

"बरं, शेठ," म्हणत बद्रुद्दीनने दांड्याला तेल घातलं.

रिकाम्या थेटरात दोघी बायका बसल्या. गुलजारबीला मागून फेरे ऐकू आले. तिच्याच रहाटाचे. पडद्यावर पुंजा आला. डावा पाय टेकला, उजवा ओढला, पाटी सावरली. त्याला कसलीच घाई नव्हती.

"अजून हळू होईल का, बद्रुभाऊ?"

"नाही, ताई. याहून हळू केलं की चित्रं सुटी होतात. माणूस तुटतो."

सगुणाबाईने मान हलवली. पुंजा गर्दीत शिरला, तसा तिने पदर सारखा केला. "असाच जायचा," ती म्हणाली.

बद्रुद्दीनने पट्टी उलटी गुंडाळून डब्यात घातली, वर सुतळी दोनदा आवळली. टांग्याने नाशिकरोडला जाऊन डबा गाडीत चढवला, पावती आणून शेठच्या मागच्या भिंतीतल्या खिळ्याला टोचली, आणि दर शुक्रवारी विचारायचा तसंच विचारलं, "अजून काही काम, शेठ?"