सहा वावांची साखळी

हौसाबाई उंच होती. घोव भिकाजी तिच्या कानाला लागायचा. लग्नात नवरीला बघून बायकांनी तोंडावर म्हटलं होतं, "व्हकल नाय गो, माड हाडल्यानी."

तिनं ते मनाला लावून घेतलं नाही, कारण उंची तिच्या पोटाला लागत होती. खाडीत कुजवलेल्या नारळाच्या सोडणांचा काथ्या काढून ती सुंभ वळायची, आणि सुंभ विकलं जाई वावावर. दोन्ही हात पसरायचे. या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत एक वाव. हौसाबाईचा वाव असा घसघशीत की गिऱ्हाईक बाजारात दुसऱ्या कुणाकडे बघत नसे.

भिकाजी दोन हंगाम सरकारी मोजणीत साखळी ओढायला होता. एकदा वाडीतच काम चाललेलं, साखळी खळ्यात टाकून तो जेवायला बसला. हौसाबाईनं गंमत म्हणून साखळीवर हात पसरून पाहिले. बरोबर सहा वाव.

"तेतीस फुटांची ती," भिकाजी घास थांबवून म्हणाला. "एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो एक गुंठो. म्हंजे सरकार तुझ्या खांद्यार आसा."

पुढे भिकाजी तापानं गेला. करंजीचा मळा, म्हणजे सखल भातशेत, हौसाबाई आणि तिचा धाकटा दीर बाबू कसत राहिली. मळा भाटकाराचा, ही कुळं. मग कायदा आला, कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या नावावर होणार म्हणून. आणि अठ्ठावन्न साली मालवणच्या कचेरीत तिचं नाव पुकारलं गेलं.

"जमीन किती?" साहेबांनी विचारलं.

"बारा पायलीची."

"आमच्या कागदातही बारा पायलीच आहे, साहेब," भाटकाराचे दिवाणजी लगेच म्हणाले. मळा म्हणजे मोठ्या सर्व्हे नंबरातला तुकडा. त्याची वेगळी मोजणी कधी झालीच नव्हती. जमीन ओळखायची ती तिला लागणाऱ्या बियाण्यावरून.

साहेबांनी एक तक्ता उघडला. पायलीला दोन गुंठे. "बारा दुणे चोवीस. चोवीस गुंठे लागतील तुमच्या नावे."

बरोबर आलेल्या बाबूनं मान डोलावली. हौसाबाईनं मात्र मनात हिशेब मांडला. भिकाजी नेहमी म्हणायचा, मळो एकरभर आसा. एकराचे गुंठे चाळीस. उरलेले सोळा भाटकाराच्या घशात जाणार होते.

"साहेब, ह्यो तक्तो पेरणीचो की लावणीचो?"

"म्हणजे?"

"वर भरडार, कोरड्या जमनीत, भात मुठीन फोकतत. थंय पायली दोन गुंठ्यांत सोपता. आमचो मळो पाण्याचो. आमी आधी तरवो करतो, मगे रोपां उपटून एकेक लावतो. थंय तीच पायली तीन-साडेतीन गुंठ्यांक पुरता. मळो एकरभर आसा."

"आता बाई साहेबांना शेती शिकवणार," दिवाणजी हसले.

"साहेबांका नाय. तुमी कधी चिखलात पाय घातलास नाय, म्हणान तुमका सांगतंय."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तोंडी सांगण्यावर सोळा गुंठे जास्त कसे लिहू?"

हौसाबाईनं काखेतली वळकटी सोडली. "ही दोरी माझ्या सा वावांची. दोन टोकांक गाठी आसत. आठ दिवसांमागे बाबूक घेवन मळो मापलंय. आठ दोऱ्ये लांब, पाच दोऱ्ये रुंद. दोरी खरी काय खोटी, तुमीच मापून बघा."

"उद्या लुगड्यानं मोजा म्हणेल," दिवाणजी पुटपुटले.

पण साहेबांनी शिपायाला टेप आणायला सांगितलं. कचेरीच्या पडवीत दोरी ताणली. तेहतीस फूट आणि वर दोन बोटं. ती दोन बोटं सुंभ ताणल्याची. साहेब आत गेले. चोवीसवर रेघ मारून त्यांनी लिहिलं: प्रत्यक्ष मोजणी करून क्षेत्र ठरवावे.

उन्हाळ्यात मोजणीची साखळी आली. मळा भरला अडतीस गुंठे बारा आणे.

"सवा गुंठो गेलो गो वैनी," बाबू हळहळला.

"गेलो खंय?" तिनं शेताच्या बांधाकडे बोट दाखवलं. "मी मेरांवरसून दोरी धरलेलंय. मेर अर्धी शेजाऱ्याची. जो आपलो नव्हतोच तो कसो जायत? पावणेपंधरा इले ते मोज." आणि तिनं कागदावर अंगठा उठवला.

साठी आली तेव्हा ती जराशी वाकली होती. सदुसष्टच्या सुमारास नवा तलाठी टेप घेऊन आला, म्हणाला, "आजी, आता गुंठे जाऊन आर येणार. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद."

"माका दाखव बघू."

त्यानं खळ्यात दहा मीटर टेप पसरला. खुंटीवरची जुनी दोरी आणून तिनं शेजारी ठेवली. दोरी तीन-चार बोटं जास्त भरली. मग हात पसरत, वाकत ती टेपाच्या कडेनं चालली. एक, दोन, तीन. सहाव्या वावाला बोट नेमकं टेपाच्या टोकावर आलं.

"मी आटलंय तितकीच सरकारची साखळी पण आटली," ती म्हणाली. "बरा झाला. नवी दोरी वळूक नको. तू कागदार काय व्हया तां लिही, पयला नाव माझा ऱ्हवांदे."

आणि लुगड्याचा काचा मारून ती मळ्याकडे निघाली. तरवा उपटायला झाला होता.