उथळ लोणचं

दुपारचे तीन वाजून गेलेत. मिरजेच्या घरात, स्वयंपाकघरातच चटई टाकून शालन आडवी झाली आहे. ओट्यावर परातीत मुळा, काकडी आणि गाजराच्या पातळ चकत्या मीठ लावून ठेवल्यात, त्यांवर ताटली, ताटलीवर वरवंटा. भाजीला पाणी सुटतंय. परात जरा कलती आहे, म्हणून ते पाणी कडेवरून फरशीवर पडतं, एकेक थेंब. शालन डोळे मिटून थेंब ऐकते आहे.

ही तिसरी खेप. पहिली खारट झाली, दुसरीचा लगदा. उद्या तिच्या लेकीचं, धनश्रीचं, वर्षश्राद्ध. नर्सिंग करून धनश्री जपानला म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला गेली होती. शेवटच्या सुट्टीत तिनं हे तिकडचं झटपट लोणचं करून घातलं होतं. तिकडच्या नावाचा अर्थ म्हणे उथळ लोणचं. मुरवत बसायचं नाही, अर्ध्या तासात ताटात. परत गेली आणि महिन्याभरात एका सकाळी झोपेतून उठलीच नाही. विमानानं आलं ते पांढऱ्या फडक्यात बांधलेलं अस्थींचं पांढरं भांडं. नवऱ्यानं, आनंदरावांनी, ते कृष्णेच्या घाटावर नेलं. शालन गेली नाही. तिनं भांड्याला हातसुद्धा लावला नाही. उद्याच्या पानात मात्र लेकीचं लोणचं वाढायचंच, असं तिनं मनाशी धरलं आहे. आनंदराव म्हणाले, साधी कोशिंबीर कर. तिनं ऐकलं नाही.

थेंब पडतोय. मग दोन थेंबांमधलं अंतर वाढतं. मग एक थेंब सुटतो आणि खाली पोचतच नाही. का पोचला नाही ते बघायला शालन डोळे उघडते.

स्वयंपाकघर लांब झालं आहे. ओट्याच्या जागी लांबलचक टेबल आहे, दोन्ही बाजूंना म्हाताऱ्या बायका. सगळ्यांचे केस कानापर्यंत कापलेले, गळ्यात लाळेरं. शालन आपल्या गळ्याला हात लावते. तिच्याही गळ्यात आहे. प्रत्येकीच्या पुढ्यात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं भांडं. खिडकीबाहेर रस्ता दिसायला हवा, तिथं घाटाच्या पायऱ्या आहेत आणि पाणी खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर चढतंय.

टेबलाच्या टोकाकडून धनश्री येते. फिकट निळा पोशाख, छातीवर नावाची पट्टी. तिच्या पायांचा आवाज होत नाही. एकेकीपाशी वाकून ती काहीतरी विचारते, लाळेरं सारखं करते, पुढं सरकते. शालनपाशीही तशीच वाकते.

"जेवला नाहीत का, आजी?"

शालन तिच्या पोशाखाची बाही धरते. "धनू, मी आई."

"हो, हो," धनश्री म्हणते, लहान मुलाची समजूत काढावी तशी. "इथल्या सगळ्या आज्या असंच म्हणतात."

आणि ती फडक्याच्या गाठीला हात घालते. शालन नको म्हणते, भांडं झाकू बघते, पण तिच्या हातांत जोर नाही. गाठ सुटते. झाकण निघतं. आत मुळ्याच्या, काकडीच्या, गाजराच्या पातळ चकत्या आहेत, ओलसर, नुकत्या चिरलेल्या. मिठाची वाटी शेजारी येऊन बसली आहे. आता तुम्ही करा, असं धनश्री सांगते आणि बाजूला उभी राहते.

शालन वाटीत हात घालते आणि मूठ भरून मीठ उचलते, आयुष्यभर उचललं तसं.

तिचं मनगट धरलं जातं. हात गार आहे, आणि त्याला वजन नाही.

"आई. तुझी ही मूठ."

टेबलावरच्या सगळ्या म्हाताऱ्या मान वळवून बघतात. शालनचं मान वर करायचं धाडस होत नाही. ती मूठ उघडते. धनश्री सांगते, अर्धा किलोला सपाट दोन चमचे, एवढंच. चोळायचं, वजन ठेवायचं, वीस मिनिटांनी घट्ट पिळायचं, मग व्हिनेगर, साखर, आल्याचे काप आणि भाजलेले तीळ. सांगताना ती शालनच्या खुर्चीमागं आली आहे, आणि खुर्ची घाटाच्या तिसऱ्या पायरीवर आहे. पाणी घोट्यांपर्यंत आलंय. जिभेवर घेतलं नसलं तरी ते खारट आहे हे शालनला कळतं.

"दुखलं का गं तुला?" शालन विचारते.

"नाही. तू आत्ता झोपलीस ना, तसंच."

मग धनश्री विचारते, "घाटावर का नाही आलीस?"

"भांड्यात तू आहेस असं मला वाटलंच नाही."

"होते मी."

शालन मागून धनश्रीचा श्वास ऐकू यावा म्हणून कान देते. येत नाही.

धनश्री समोर येऊन पाण्यात उकिडवी बसते. चोळायचं तर नखं नकोत, चकत्या फाटतात, असं म्हणत ती शालनचा डावा हात मांडीवर घेते आणि नखं कापायला लागते. अंगठा. तर्जनी. प्रत्येक नखाला म्हाताऱ्या एकसुरात तिकडचा आकडा म्हणतात. पाचव्या आकड्याला पाणी गुडघ्यांना लागतं.

"दुसरा हात दे," धनश्री म्हणते.

शालन उजवा हात पुढं करते आणि आनंदराव तिला हाक मारतात.

दिवेलागण झाली आहे. आनंदराव दारात उभे आहेत. भटजींचा निरोप आलाय, उद्या नऊला येतील. शालन उठून बसते. फरशीवर पाण्याचं लहानसं थारोळं झालंय. ती परातीतली एक चकती तोंडात घालते. खारट. परात रिकामी करून ती नव्यानं मुळा, काकडी, गाजर चिरते, सपाट दोन चमचे मीठ मोजते आणि चोळायला हात घालते तेव्हा तिला दिसतं. डाव्या हाताची पाचही नखं कापलेली आहेत. अगदी बुडापासून, गोल, दवाखान्यातल्या बायका ठेवतात तशी. उजव्या हाताची वाढलेली, हळदीनं पिवळी.

ती डाव्या हातानंच मीठ चोळते.

रात्रीच्या जेवणात आनंदराव लोणचं तोंडात घालतात आणि बराच वेळ चावत राहतात. अगदी तसंच झालंय, असं म्हणतात. मग त्यांचं लक्ष तिच्या हातांकडं जातं. जेवण झाल्यावर ते कपाटातून नेलकटर आणतात, उजव्याची का ठेवलीस म्हणून विचारतात, हात दे म्हणतात.

शालन उजवा हात पदराखाली घेते.

"राहू द्या. त्याची नखं धनू कापणार आहे. नेलकटर तेवढं चटईपाशी ठेवा."