न भरलेला सीईटीचा फॉर्म

लातूरच्या क्लासमधला तो पालक मेळावा आठवला की अजून माझं डोकं तापतं. सर माईकवर म्हणाले, "नीटसोबत सीईटीचा फॉर्म कुणाकुणाच्या लेकरांनी भरलाय? हात वर करा." पाच-सहा हात वर गेले. सर हसले. "म्हणजे आपलं लेकरू डॉक्टर होणार नाही, हे तुम्ही आधीच ठरवलं!" सगळा हॉल हसला. हात पटापट खाली. मी मात्र ऐटीत बसले होते, आम्ही भरला नव्हता ना!

नवरा कंधारला शेती बघायचा आणि मी लेकीसाठी लातुरात खोली करून राहिले होते. लेकीला खरं तर शेतीचं कॉलेज हवं होतं आणि तिथला प्रवेश सीईटीवर. नीटचा हट्ट आमचा. ती बिचारी म्हणायची, "नीट देतेच की मी. पण सीईटीलाबी बसू दे. वर्ष तरी वाया जाणार न्हाई."

मेळाव्याच्याच संध्याकाळी ती फॉर्म भरायला बसली. फोटो, सही, सगळं तयार. "आई, तुझ्या फोनवर ओटीपी आला असंल, सांग की."

आला होता. मी म्हणाले, "रेंज न्हाई इथं." तिनं परत मागवला. परत तेच सांगितलं. मग तिनं विषयच काढला नाही. मुदत संपून गेली.

नीटला मार्क कमी पडले. मी क्लासला गेले, तर तेच सर कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "अहो ताई, सीईटी तरी द्यायची की! एकाच परीक्षेवर कशाला बसलात?"

"अन् हात खाली कुणी करायला लावले?"

"मी कुठं म्हणालो, भरू नका म्हणून?" असं म्हणून त्यांनी पुढच्या वर्षीच्या रिपीटर बॅचचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. काय निगरगट्ट माणूस! लाज म्हणून न्हाई! फॉर्म तिथंच टाकून मी उठले.

खोलीवर येऊन मी त्यांचा उद्धार सुरू केला. मेल्याच्या जिभेला हाड न्हाई, दुसऱ्यांच्या लेकरांशी खेळतो, काय काय बोलले. लेक पुस्तकं बांधत होती. माझा दम संपेपर्यंत तिनं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "आई, ओटीपी कितीदा आला होता?"

"दोनदा," मी म्हणाले.