पयले जेवन, मंग जप्ती

एसटीतून उतरलं की साहेब आधी डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबायचे. मग कोट काढून, उलटी घडी घालून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "पयले जेवन, मंग जप्ती."

गाव कोणतंही असो, हा विधी कधी चुकला नाही. सरकारी माणूस गावात शिरताना टोपी नीट करतो, कोटाची बटणं लावतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमचे साहेब नेमके उलटे. गाव आलं की ते इन्स्पेक्टरपण अंगावरून उतरवून ठेवायचे, आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे.

ते वजनमापे खात्याचे इन्स्पेक्टर आणि मी त्यांचा बाबू. शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, ते दिवस. सगळा यवतमाळ जिल्हा तेव्हा आम्हाला शिव्या देत होता. जन्मभर शेराने धान्य घेतलेल्या बायांना किलो म्हणजे सरकारने काढलेलं नवं दुखणं वाटायचं. "शेरानं काय घोडं मारलं व्हतं जी?" असं एखादीने विचारलं की मी फायलीत तोंड खुपसायचो. साहेब मात्र शांतपणे सांगायचे, "शेरानं नाई माय, शेर धरनाऱ्यानं."

बाजारोबाजार फिरायचं, जुनी वजनं गोळा करायची, नव्यांवर खात्याचा छाप आहे का ते पाहायचं, नसला की जप्ती. खात्याची खरी वजनं एका जड पेटीत असायची आणि ती वाहायला एक चपराशी होता. त्याला साहेबांचा सक्त हुकूम होता की पेटीवर घोंगडी टाकून स्टँडवरच्या कडुलिंबाखाली बसायचं आणि आमचं जेवण होईस्तोवर हलायचं नाही. त्याचं जेवण मी बांधून न्यायचो. "नोकरी सरकारी अन् भाकर थंडी," असं तो दर बाजारी बडबडायचा.

एवढा खटाटोप कशासाठी, असं तुम्हाला वाटेल. मलाही सुरुवातीला वाटलं की साहेब अधाशी आहेत. एकदा त्यांनीच समजावलं. "पेटी दिसली का हाटेलवाल्याचा हात बदलते बाबू. भाजीत तेल वाढते. अन् तेल वाढलं का भाजी मरते."

जिल्ह्याचा नकाशा त्यांच्या पोटात होता. राळेगाव म्हटलं की त्यांना तहसील कचेरी आठवायची नाही. जिनिंगच्या फाटकापुढे कापसाच्या गाड्यांच्या रांगेशी एक म्हातारा मिरचीची भजी तळायचा, तो आठवायचा. ती भजी गाडीवानांमध्ये उभं राहूनच खायची, अशी त्यांची ताकीद होती. बसून खाल्ली तर मऊ पडतात म्हणे. मी एकदा लपून बसून खाल्ली. मला काही फरक कळला नाही, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

फुलसावंगीच्या वाटेवर बंजाऱ्यांचा एक तांडा लागायचा. तिथे हॉटेल नव्हतंच. तिथे जेवायची साहेबांची रीत अशी की जेवण मागायचं नाही, पाणी मागायचं. पाणी पिऊन तोंड पुसेपर्यंत तिथली म्हातारी याडी, म्हणजे तांड्याची आई, चेहरा पाहून घ्यायची आणि तव्यावरची ज्वारीची बाटी, म्हणजे आपली भाकर हो, ठेचा घालून थेट हातावर ठेवायची. "ताट मांगू नोको," साहेब कुजबुजायचे, "ताट मांगलं का पाव्हना झाला. हातावर घेतलं का घरचा."

अनोळखी गावात हॉटेल कसं निवडायचं, याचंही त्यांचं शास्त्र होतं. मालकाचा डबा घरून येत असेल तर उठायचं. मालक तिथलंच खात असेल तर बसायचं. आणि खाताना मालक गिऱ्हाइकाला वाढायलाही उठत नसेल, तर दुसऱ्यांदाही घ्यायचं.

पण या सगळ्यांच्या वर होती आर्णीची जिलेबी. बाजाराच्या तोंडाशी एका कढईवाल्याचं दुकान होतं. पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा त्याने आमच्याकडे बघितलंही नाही. ढिगातली जिलेबी तोलली, रद्दी कागदावर फेकल्यासारखी टाकली, "सरका" म्हणाला. साहेबांनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. जिलेबी कुरकुरीत, आतून रसाने भरलेली, आणि किंचित आंबट. त्या आंबटपणावर साहेब परतीच्या गाडीत यवतमाळ येईपर्यंत बोलत होते.

चूक एवढीच झाली की जेवण झाल्यावर रीतीप्रमाणे पेटी आली आणि आम्ही त्याच कढईवाल्याची वजनं तपासली. वजनं बरोबर निघाली, पण ओळख झाली ती झालीच.

पुढच्या खेपेला टोपी खिशात असूनही त्याने आम्हाला लांबूनच ओळखलं. बाकावरची दोन माणसं उठवली, स्वतःच्या उपरण्याने बाक पुसला, कढईतलं तेल बाजूला काढून तुपाची कढई चढवली. "खास तुमच्यासाठी साहेब!" जाड, पिवळीधमक, तुपाने निथळणारी जिलेबी आली. साहेबांनी एक तुकडा खाल्ला आणि त्यांचं तोंड लग्नात फोटो काढताना होतं तसं झालं.

"कशी हाय जी?" कढईवाल्याने हात जोडून विचारलं.

"मस्त हाय," साहेब म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाबू, हे थे नाई. माही जिलेबी मेली. मले ते पायजे, जे सगळ्यायले भेटते."

त्यानंतर साहेबांनी ध्यासच घेतला. आर्णीची ती जिलेबी, ढिगातली, फेकलेली, पुन्हा खायचीच. पण तोवर त्यांचा चेहरा सगळ्या बाजारांत माहीत झाला होता. शेवटी त्यांनी बैलांच्या व्यापाऱ्याचा वेश घ्यायचं ठरवलं. धोतर, लाल फेटा, हातात तुतारी. तुतारी म्हणजे बैल हाकायची आर लावलेली काठी. वाजवायची नव्हे, एवढं तरी साहेबांना माहीत होतं. आधी फुलसावंगीच्या बाजारात रंगीत तालीम करायची आणि जमलं तर आर्णी गाठायची, असा बेत होता.

बैलबाजारातून जाताना एका शेतकऱ्याने त्यांना खरोखरचा व्यापारी समजून हाक मारली. "मालक, दात पाह्यता का?" साहेबांनी बैलाचं तोंड उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिले. मला वाटतं ते छाप शोधत होते. "चांगला हाय," असं म्हणून ते निसटले आणि चिवड्याच्या दुकानापुढे येऊन उभे राहिले.

"पाव किलो दे रे."

दुकानदाराने तागडीत वजन टाकलं. आणि साहेबांचा हात पुढे गेला. वजनाच्या बुडाशी शिसं भरलेलं असतं, त्यावर छाप असतो. वीस-बावीस वर्षं ज्या हाताने वजनं उलटी करून पाहिली, त्या हाताने याही वजनाला उलटं केलं. शिशाकडे बघितलं, अंगठा फिरवला आणि परत ठेवलं. साहेबांना पत्ताच नव्हता.

दुकानदार वजनाकडे पाहत राहिला, मग फेट्याकडे, मग मागे कोट धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे. "इन्स्पेक्टर आला रे!" तो ओरडला. सगळ्या ओळीतली वजनं ज्वारीच्या पोत्यांत, टोपल्यांखाली, एका बाईच्या तर ओच्यात गेली. चिवड्याचा पुडा दुप्पट झाला आणि वर काजू आले. मी हसून हसून खाली बसलो. साहेब फेटा सोडत म्हणाले, "हा हात पेटीत कुलूप लावून ठेवाले पायजे."

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी न राहवून विचारलं, "साहेब, लोक जास्त देतात तर तुम्हाला त्रास काहून होते?"

ते खिडकीतून कापसाच्या पऱ्हाट्या पाहत होते. "आमचा बाप पोलिसात जमादार व्हता," ते म्हणाले. "मी लहान असताना त्याच्यासंगं एका गावी गेलतो. ज्या घरी उतरलो त्यायनं आमच्यासाठी भात केला, तूप वाढलं. माह्या समोर दारात त्या घरचे तीन पोट्टे उभे व्हते. थे भाताकडं पाहून राह्यले व्हते अन् त्यायची माय त्यायले मांगं ओढून राह्यली व्हती. बाप मले म्हने, खाय, लाजू नोको. खाल्लं मी. तवापासून कोनी भेऊन वाढलं का मले थे पोट्टे दिसते."

त्यांना अधाशी समजल्याबद्दल मी मनातल्या मनात जीभ चावली.

राळेगावच्या बाजाराच्या टोकाला एका नवरा-बायकोने नवी खानावळ घातली होती. दोघांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. त्यामुळे बाजारातले काही लोक आधी खानावळ कुणाची ते विचारायचे आणि मग त्यांची भूकच मरायची. साहेब सरळ जाऊन बसले. बाईने त्यांना ओळखलं, हे तिच्या नजरेवरून कळलं. मी मनात म्हटलं, आता येणार तेलाचा पूर. पण ताटात आलं ते शेजारच्या गाडीवानाच्या ताटात होतं तेच. दोन भाकरी, वांग्याची भाजी, तुरीचं वरण, फोडलेला कांदा.

"मले वळखलं नाई का बाई?" साहेबांनी अधीरपणे विचारलं.

"वळखलं नं जी. साहेब असान तुमी. इथं सगळ्यायले ताट एकच हाय."

साहेब इतके खूश झाले की तिसरी भाकर मागून घेतली. आणि ती खाता खाताच त्यांची नजर दाराशी गेली. बाई शेव-फुटाणेही विकायची आणि टोपलीशेजारी जुना पावशेर ठेवलेला होता. माझंही लक्ष गेलं. मी मुद्दाम कांद्याकडे पाहत बसलो. साहेबांचा घास तोंडातच फिरत राहिला. शेवटी त्यांनी हात धुतले, कोट घातला आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "पेटी बोलाव."

पावशेर जप्त झाला. बाई एवढंच म्हणाली, "न्या. नवं कुठं भेटते थे तेवढं सांगून जा."

पुढच्या बाजारी साहेब त्या खानावळीवरून दोनदा नुसते गेले. आत जायची छातीच होईना. शेवटी बाईनेच हाक मारली, "या नं जी, भाकर थंडी होऊन राह्यली." ताट आलं. दोन भाकरी, वांग्याची भाजी, वरण, कांदा. रागाने काही कमी नाही, भीतीने काही जास्त नाही. साहेबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते कांद्यावर ढकललं.

"इथं भागलं माहं," उठताना ते म्हणाले. "आता फक्त आर्णी राह्यली."

ती राहिली ती राहिलीच. साहेब रिटायर झाले आणि त्यांची टोपी, म्हणजे त्यांची जागा, मला मिळाली. बाकं आता माझ्यासाठी पुसली जाऊ लागली. भाजीतलं तेल वाढलं. साहेब म्हणत होते ते खरं होतं, भाजी मरते.

एका बाजाराला ते माझ्यासोबत आर्णीला आले. पुष्कळ खंगले होते, धोतर नेसू लागले होते, दाढी वाढली होती. कढईवर आता जुन्या मालकाचा जावई बसायचा. तो फक्त मला ओळखत होता. दुकान दिसताच साहेबांनी माझा दंड धरला. "तू तिकडल्या बाकावर बस. माह्यासंगं बोलू नोको. तुही वळख दिसली का माही जिलेबी गेली."

मी मुकाट्याने पुसलेल्या बाकावर बसलो. माझ्यासाठी तूप तापू लागलं. तिकडे साहेब गर्दीत उभे होते. जावयाने त्यांच्याकडे न बघता ढिगातली जिलेबी तागडीत टाकली, आणि मला माझ्या जागेवरून स्पष्ट दिसलं की त्याने पारड्याला हळूच बोट लावलं. मी अर्धा उठलोच. साहेबांनी गर्दीतून माझ्याकडे असं काही पाहिलं की मी परत खाली बसलो.

"सरका बाबाजी," जावई म्हणाला आणि पुडी त्यांच्या हातात कोंबली.

ते कोपऱ्यात उभे राहून खात होते. डोळे मिटलेले. संपल्यावर त्यांनी कागदाचा रस चाटला. मी बाहेर आलो तर माझा हात धरून पोरासारखे नाचायचेच बाकी राहिले होते. "कमी देल्लं बाबू! पाह्यलं का तू? बोट लावलं त्यानं! मले कमी देल्लं!" घरात नातू झाल्याची बातमी द्यावी तसा त्यांचा आवाज होता.

"आणि जिलेबी?" मी विचारलं.

"थेच हाय," ते म्हणाले आणि उपरण्याने तोंड पुसलं. "त्याले आज धरू नोको. पुढच्या बाजारी धर."

पुढच्या बाजारी मी त्याला धरला, पण ते सांगायला साहेब उरले नव्हते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या जिलेबीच्या दिवशीच, गर्दीतून स्टँडकडे जाताना. दोन्हीकडे दुकानं होती, तागड्या हलत होत्या, कुणी वजन लपवत नव्हतं, कुणी उठून उभं राहत नव्हतं. मागून एक बैलगाडी आली आणि गाडीवान खेकसला, "ओ बुढ्या, दिसत नाई का? बाजूले हो!" साहेब हसत हसत बाजूला झाले.