मराठी फोन आणि आमचे व्याही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण भाईंदर पश्चिमेला कुठल्याही जुन्या घरात जा, मांडणीवरचा डबा किंवा कळशी फिरवून बघा, माझं अक्षर सापडेल. भांड्यांच्या दुकानात बसून मी जन्मभर नावं घातली. लग्नाची भांडी असली की खाली तारीखही, मराठी आकड्यांत. इंग्रजी आकडा घाला म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सांगायचो, दुसरीकडे जा.

एवढं असून माझ्या सुनेला मराठी अडलं तेव्हा तिने बोलावलं कुणाला? तिच्या वडलांना.

सून घरूनच काम करते. जेवणाचं टेबल हेच तिचं ऑफिस. डॉक्टरकडे नंबर लावायचं ॲप त्यांच्या कंपनीने नुकतंच मराठीत केलं होतं, आणि गावागावांतून तक्रारी येत होत्या की तारीख निवडायला गेलं की ॲप धाडकन बंद पडतं. तिच्याकडे मात्र ते पडतच नव्हतं. पडल्याशिवाय दुरुस्त काय करणार? साहेब रोज ओरडायचा. तिला वाटलं, एखादं अवघड मराठी अक्षर त्या मशीनला गिळवत नसेल.

म्हणून व्याही आले. घोडबंदर रोडला चेण्यापाशी ट्रॅफिक होता म्हणत, घाम पुसत, थेट माझ्या खुर्चीत बसले. ते ऑफिसातून रिटायर झालेले, मराठी टायपिंगवाले. सुनेने त्यांना आलं घातलेला चहा दिला. पाणी दिलं तेही लग्नात त्यांनीच दिलेल्या तांब्यातून. त्यावर त्यांचंच नाव आहे, मशीनने घातलेलं, वाकडं. माझ्या घरात मी रोज ते वाचत पाणी पितो.

“पप्पा, जोडाक्षरवालं नाव टाका ना.”

“टाकलं. चाललं की.”

“अजून अवघड टाका.”

सकाळभर हेच. शेवटी मी सोफ्यावरून बोललो, “मला विचारलं असतं तर आख्ख्या गावाची नावं सांगितली असती.”

ही आतून म्हणाली, “तुम्हाला विचारलंय कुणी? मटार सोला गप्प.”

मटार सोलले. पण डोकं तापलं होतं. सुनेने ते ॲप माझ्या फोनवर मागेच टाकून दिलं होतं, गुडघ्याच्या डॉक्टरसाठी. मी कधी उघडलं नव्हतं. आपण थेट जाऊन बाकड्यावर बसणारे. पण त्या दिवशी ठरवलं, हे दोघं नुसती अक्षरं मोजतायत तोवर मी नंबर लावूनच दाखवतो. उघडलं. डॉक्टर सापडला. तारखेवर बोट ठेवलं आणि ॲप गायब. परत उघडलं. परत गायब.

मला लाजच वाटली. व्याह्यांच्या हातात चालतं आणि माझ्या हातात पडतं, हे त्यांच्यासमोर कोण सांगणार? मी फोन उपडा करून मांडीखाली सरकवला. पण हिने दारातून बघितलं होतं.

“अहो, तुमचा पण बंद पडला वाटतं?” सगळ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली.

सून खुर्चीतून उठलीच. “बाबा, काय दाबलंत?”

“काय नाय. तारीख दाबली.”

तिने फोन घेतला, दाबलं, ॲप पडलं आणि तिचा चेहरा असा फुलला की जणू लॉटरी लागली. “पप्पा! पप्पा, बघा, पडलं!”

फोन माझा, पडलं माझ्या बोटाने, आणि हाक पप्पांना. दोघं माझ्या फोनवर वाकले. मी मटाराची परात बाजूला ठेवली आणि टेबलापाशी जाऊन उभा राहिलो.

“फोन पाहिजे तर मी पण पाहिजे. खुर्ची सरकवा.”

व्याही सरकले.

“बाबा, तुमच्या फोनमध्ये आकडे पण मराठी?”

“मग? घड्याळ पण मराठी. सगळं मराठी.”

व्याही म्हणाले, “माझा फोन इंग्रजीत आहे. टाईप तेवढं मराठीत करतो.”

सुनेने कपाळावर हात मारला. मग मला समजावून सांगितलं, मला, त्यांना नाही. ॲप तारीख फोनकडून घेतं. माझा फोन ती मराठी आकड्यांत देतो. पुढच्या मशीनला फक्त इंग्रजी आकडे येतात. मराठी दिसले की त्याला हिशेब जमत नाही आणि ते पडतं. अक्षरांचा दोषच नव्हता.

“म्हणजे ते माझ्याहून कमी शिकलेलं,” मी म्हटलं. व्याही खो खो हसले. मला ते आवडलं नाही.

तिने फोन जरा वेळ इंग्रजीत घातला, चाललं. मराठीत आणला, पडलं. संध्याकाळपर्यंत तिने दुरुस्ती केली आणि मला म्हणाली, “बाबा, आता दाबा.” दाबलं. तारीख मराठीत दिसली आणि उभी राहिली. गुडघ्याचा नंबर लागला. “थँक्यू बाबा,” म्हणाली ती. आणि लगेच, “पप्पा, जेवूनच जा, तुमच्यासाठी भरली वांगी केलीत.”

माझ्यासाठी मटार.

रात्री त्यांना रिक्षापर्यंत सोडायला मी गेलो. व्याही म्हणाले, “तुमच्यासारखा माझा पण फोन पूर्ण मराठी करायचाय. कसा करतात हो?”

मला ठाऊक होतं. सेटिंगमध्ये जायचं, भाषा बदलायची, बस. पण उद्या सुनेचं ॲप परत अडलं तर मराठी फोन दोन झाले असते, आणि ती त्यातला कुणाचा मागते हे मला पक्कं ठाऊक होतं.

“फार खटपटीचं काम आहे ते,” मी म्हटलं. “एखाद वेळी सगळे नंबर पण उडतात. तुमचा इंग्रजीतच बरा.”

“असं का? मग नको बुवा,” म्हणत ते रिक्षात बसले. रिक्षा वळेपर्यंत मी हात हलवत उभा होतो.